घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नागीण झाली तर: पहिल्या फोडापासून तीन महिन्यांपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमानं

गावात कोणाला नागीण झाली की सगळ्यांचं लक्ष फोडांवर असतं. किती पसरली, विळखा पुरा झाला का, तोंड अन् शेपटी भेटली का. फोड वाळले की नागीण गेली म्हणून घरचे परत वावराच्या कामाला लागतात, अन् म्हातारा माणूस खाटेवर कण्हत राहतो किंवा महिनाभरानं त्याचं तोंड वाकडं होतं तेव्हा कोणाच्या डोक्यात नागीण येतच नाई.

माझ्या बाबांना ७१ व्या वर्षी कपाळावर झाली होती. चार दिवस गेरू लावण्यात गेले, मग एका ठिकाणी नुसतं मलम मिळालं, गोळी सुरू झाली सहाव्या दिवशी. डाव्या डोळ्यानं त्यांना आता धूसर दिसते. त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांसोबत मी दवाखान्यात गेलो अन् दर वेळी त्याच चुका पाहिल्या. म्हणून हे क्रमानं लिहून राहिलो. मी डॉक्टर नाई, गोळीचा डोस तुमचा डॉक्टरच ठरवेल, पण कधी जायचं, काय विचारायचं अन् कशावर नजर ठेवायची हे घरच्यांच्याच हातात असते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, हा कातडीचा रोग नाई, नसेचा आहे. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मरत नाई, मणक्याजवळच्या अन् डोक्यातल्या नसांच्या गाठींमधे झोपून राहतो, अन् वय झालं, शुगर असली, मोठं आजारपण झालं, कॅन्सरचं किंवा स्टेरॉईडचं औषध सुरू असलं की उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. फोड म्हणजे त्याचं शेवटचं टोक आहे फक्त.

## १. आधीची तयारी (हे आजच करून ठेवा)

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर एका वहीच्या पानावर इतकं लिहून ठेवा: वय, अंदाजे वजन, शुगर-बीपी-हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची नावं, किडनीचा काही त्रास आहे का, शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट केव्हाचा. पाकिटाचे फोटो मोबाईलमधे काढले तरी चालते, पण मोबाईल पोराचा असतो अन् पोरगा पुण्यात असतो, म्हणून कागदच बरा. क्रिएटिनिन यासाठी की नागिणीची गोळी किडनीवाटे बाहेर पडते आणि किडनी कमजोर असली तर डोस कमी करावा लागतो. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, तर किडनीच्या पेशंटची ओरड जुनीच आहे, तिकडच्या लोकांनी हे अजिबात सोडू नये.

सोबत आधार कार्ड, राशन कार्ड एका पिशवीत. भरती करायची वेळ आली तर सरकारी उपचार योजनेसाठी हेच मागतात आणि नेमकं त्याच वेळी ते सापडत नाई.

## २. ओळखा, फोड येण्याआधीच जमलं तर

नागीण दुखण्यापासून सुरू होते, फोड मागून येतात. दोन-चार दिवस आधी एकाच बाजूला आग, टोचल्यासारखं, करंट मारल्यासारखं होते, सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाई. मग लाल चट्टा अन् त्यावर पाण्याचे फोड, घोसासारखे, एका पट्ट्यात. डावीकडं किंवा उजवीकडं, पाठीपासून पोटापर्यंत, अन् मधल्या रेषेवर येऊन थांबते, कारण ती नसच तिथं संपते. त्यामुळं विळखा पुरा होऊन माणूस मरते ही भीती मनातून काढून टाका, त्या भीतीपायी लोक मांत्रिकाकडं धावतात अन् गोळीची वेळ निघून जाते.

गोंधळ होतो तो असा:

- पावसाळ्यात रात्री किडा अंगावर चिरडला गेला की सकाळी लाल पट्टा अन् फोड येतात, आपण "कोळी मुतला" म्हणतो. तो कुठंही, कसाही येतो, आधी दोन दिवस दुखत नाई.
- कपाशीवर फवारणी करताना औषध सांडून कातडी भाजते. ते पाठीवर पंप टेकतो तिथं, मांडीवर, दोन्ही बाजूंना असू शकते.
- फोड यायच्या आधी पोटात दुखलं तर मुतखडा वाटतो, जबड्यात दुखलं तर दात.

थांबा: छातीत दुखत असेल आणि अजून फोड दिसले नसतील तर "नागीण निघत असेल" म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी काढा.

पहिला फोड दिसला ती तारीख अन् वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा. फोटो काढा. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजायचं आहे.

## ३. पहिले ७२ तास

विषाणूची गोळी पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजे, जितकी लवकर तितकी चांगली. याच पायरीवर सगळ्यात जास्त लोक चुकतात. शनिवारी फोड दिसला, रविवारी पाहुणे, सोमवारी मांत्रिक, मंगळवारी बाजार, बुधवारी दवाखाना, झालं, वेळ निघून गेली.

त्या दिवशीच जवळच्या उपकेंद्रात जा, तिथल्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलच्या सेवेवर, डॉक्टरला दाखवू शकतात, नाईतर सरळ पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा ग्रामीण रुग्णालय. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे अन् ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, त्यामुळं "गाडीभाड्याले पैसे नाई" हे कारण मागं राहू देऊ नका.

डॉक्टरला तीन वाक्यात सांगा: "पहिला फोड अमुक तारखेला दिसला. वय इतकं आहे, शुगर आहे/नाई, किडनीचा रिपोर्ट हा. विषाणूची पोटात घ्यायची गोळी सुरू करायची का?" इतकं विचारायला लाजू नका. नुसतं मलम, नुसतं दुखण्याचं इंजेक्शन आणि ताकदीची बाटली घेऊन घरी आलात तर उपचार सुरूच झाला नाई असं समजा. असायक्लोव्हिरचं मलम मिळते पण नागिणीत त्यानं काम होत नाई.

आता ७२ तास उलटून गेलेच असतील तर? तरी जा. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याजवळ असेल, मेंदूचं काही लक्षण असेल किंवा पेशंटची रोगाशी लढायची ताकद कमी असेल तर डॉक्टर उशिराही गोळी सुरू करतात. "आता काय फायदा" हे आपण ठरवायचं नाई.

गेरू, चुना, झाडपाल्याचा लेप, राख काहीच लावू नका. त्यानं फोड चिघळतात, पू होतो, आणि डॉक्टरला खालचं काही दिसत नाई. घरच्या मोठ्यांची मंत्रावर श्रद्धा असेल तर भांडत बसू नका, त्यात दिवस जातो. आधी गोळी सुरू करा, अंगाला काही लावू देऊ नका, मग म्हणू द्या मंत्र.

## ४. गोळी खरंच बरोबर जाऊन राहिली का

मोठ्या माणसात नेहमीचा डोस म्हणजे असायक्लोव्हिर ८०० मिलीग्राम दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्राम दिवसातून ३ वेळा, ७ दिवस, ही महाग पडते पण म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला सोपी. किडनी कमजोर असेल तर दोन्हीचा डोस डॉक्टर उतरवतात.

पाच वेळा म्हणजे काय हे घरात कोणी नीट समजावत नाई. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. कागदावर पाच चौकोन काढा, गोळी दिली की फुली मारा. गावात सर्रास होते ते असं की सकाळ-दुपार-रात्र तीनच गोळ्या जातात, किंवा मेडिकलवर ८०० ची नव्हती म्हणून ४०० ची दिली अन् एकच घेतली, किंवा तिसऱ्या दिवशी आग कमी झाली म्हणून बंद.

तपासा: पाकिटावर ८०० लिहिलं आहे का? सात दिवसांच्या ३५ गोळ्या पुऱ्या आहेत का?

पाणी. हे वेगळं लिहून राहिलो कारण आपल्याकडं विदर्भात एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या वर जातो, म्हातारी माणसं लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाईत, अन् अशा कोरड्या अंगात ही गोळी किडनीत बारीक खडे धरू शकते. डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलेले हृदयाचे-किडनीचे पेशंट सोडून बाकीच्यांना दर गोळीसोबत भरलेला पेला द्या. लघवी कमी, गडद झाली तर कळवा. आणि याच दिवसात दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक सारख्या गोळ्या किंवा सुया मनानं घेऊ नका, त्याही किडनीवर भार टाकतात. पॅरासिटामॉल विचारून घ्या, ते पुरलं नाई तर सहन करत बसू नका, डॉक्टरला सांगा, पहिल्या आठवड्यातच नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं देता येतात.

शुगरच्या पेशंटला कोणी स्टेरॉईड दिलं तर शुगर भराभर वाढते. रोज तपासा. स्टेरॉईडनं सुरुवातीची आग थोडी कमी होते, पुढचं रेंगाळणारं दुखणं काही टळत नाई, म्हणून ते मेडिकलवरून आपल्या मनानं तर घ्यायचंच नाई.

## ५. फोडांची निगा आणि घरातले बाकी लोक

हे सोपं आहे. रोज साध्या पाण्यानं साबण लावून हलक्या हातानं धुवा (आंघोळ बंद करू नका), टिपून कोरडं करा, जुन्या मऊ लुगड्याच्या धुतलेल्या कापडानं झाका. फोडू नका, नखं कापा. खाण्यावर बंदी नको, म्हातारं माणूस आधीच खात नाई, त्यात तुम्ही मीठ अन् तेल बंद करता.

फोडातलं पाणी ज्याला लागलं आणि ज्याला कधी कांजण्या झाल्या नाईत त्याला कांजण्या होऊ शकतात, नागीण नाई. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, तान्ही लेकरं, गरोदर बाया अन् कॅन्सरचा इलाज सुरू असलेले लांब ठेवा. लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल अन् आजीला नागीण निघाली तर लेकीनं आपल्या डॉक्टरला त्याच दिवशी सांगावं, खोली वेगळी करावी.

फोडाभोवती लाली पसरत चालली, गरम, पू, वास, ताप आला तर वरून दुसरा जंतू बसला. शुगरवाल्यात हे दोन दिवसात हाताबाहेर जाते.

## ६. डोळा आणि कान: इथं एक दिवसही थांबायचं नाई

कपाळ, पापणी, नाक यावर फोड असतील तर डोळ्याचा डॉक्टर त्याच दिवशी. नाकाच्या शेंड्यावर एक जरी फोड दिसला तरी समजा, डोळ्याला धोका आहे, कारण नाकाचा शेंडा अन् बुबुळ यांना एकाच नसेची फांदी जाते. डोळा लाल नाई, दिसते नीट, म्हणून बसू नका. बाबांच्या नाकावर दुसऱ्याच दिवशी फोड होता, आम्ही त्याला तापाचं पुटकुळ समजलो.

घरात पडलेले जुने ड्रॉप टाकू नका, त्यात स्टेरॉईड असलं तर बुबुळाचं नुकसान वाढू शकते. पुढं स्टेरॉईडचे थेंब लागतातही, पण ते डोळ्याच्या डॉक्टरनं पाहून दिलेले.

कानात, कानाच्या पाळीवर किंवा तोंडाच्या आत टाळूवर फोड, कान जोरात दुखणे, मग तोंड एका बाजूला वाकडं, डोळा मिटत नाई, चक्कर, ऐकू कमी. आपल्याकडं याला "वारं गेलं" म्हणून तेल चोळत बसतात. ही कानाजवळच्या नसेत आलेली नागीण आहे, गोळी लवकर मिळाली तर तोंड परत सरळ यायची आशा जास्त असते. तोंड वाकडं झालेल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाच्या कानात बॅटरी मारून पाहा. आणि डोळा मिटत नसेल तर रात्री तो कोरडा पडून जखम होते, डॉक्टरला त्यासाठीचे थेंब अन् पट्टी मागा.

## ७. मेंदू, मणका, नसा: तीन महिने नजर

कालनिर्णयवरच्या लाल तारखेपासून पुढं तीन महिने मोजा अन् तिथं दुसरी खूण करा. या काळात खालचं काही दिसलं तर १०८ लावा, उद्यावर ढकलू नका.

बडबड, भ्रम, जास्त झोप, ताप, मान आखडणे, सहन न होणारं डोकं दुखणं, फिट. विषाणू मेंदूत किंवा त्याच्या आवरणात गेला असू शकते. म्हातारं माणूस आहे, तापात बरळते, असं म्हणून रात्र काढू नका. माझी मोठीआई पाचव्या दिवशी "अंगणात बैल सुटला" म्हणून ओरडत उठली होती, बैल विकून आम्हाला सहा वर्षं झालेली. तिच्यात निघालं वेगळंच, किडनी कमजोर होती अन् गोळीचा डोस पुरा जाऊन राहिला होता, औषधच डोक्यात चढलं होतं. हे दोन्ही घरी ओळखू येत नाई. गोळी मनानं बंद करू नका अन् मनानं पुढचीही देत बसू नका, पाकिटं घेऊन लगेच दवाखाना.

अशा वेळी डॉक्टर मणक्यातलं पाणी तपासायला मागतात अन् इथं घरचे सही करत नाईत, कारण गावात पक्की समजूत आहे की मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो. सुई जिथं टोचतात तिथं मणक्याची मुख्य दोरी संपलेली असते, त्याच्या खालून थोडं पाणी घेतात. एखादा दिवस डोकं दुखू शकते, पाठ दुखते. पण ते पाणी पाहिल्याशिवाय विषाणू आहे का दुसरा जंतू हे सांगणं अवघड जाते. लुळेपणा पुढं आलाच तर तो रोगानं येतो अन् बोट सुईकडं दाखवलं जाते. मेंदूत विषाणू असेल तर शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागते, साधारण १० ते १४ दिवस, तेवढ्या दिवसांची घरची सोय लावूनच निघा.

अचानक एक हात-पाय लुळा, बोलणं अडखळणे, तोंड वाकडं, एका डोळ्यानं दिसेनासं होणे. विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो आणि त्यानं लकवा येऊ शकते. धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त, मग काही महिने हळूहळू उतरत जातो, कपाळ-डोळ्याच्या नागिणीत अजून जास्त. तोवर फोड वाळून डाग उरलेले असतात, म्हणून नागिणीचं कोणी सांगतच नाई. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासातच देता येते, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहा, आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा: "महिन्याभरापूर्वी कपाळावर नागीण झाली होती."

दोन्ही पायात ताकद नाई, कमरेखाली बधिर, लघवी अडली. मणक्याच्या दोरीला सूज असू शकते. ढुंगणावर किंवा लघवीच्या जागेजवळ नागीण असेल तर नुसती लघवी-संडास अडूनही राहते. आज्या हे लाजेनं सांगत नाईत, म्हणून घरातल्या बाईनं रोज विचारायचं, लघवी किती वेळा झाली.

ज्या पट्ट्यात फोड, त्याच भागाची ताकद जाणे. खांद्यावर नागीण अन् हात वर जात नाई, पोटावर नागीण अन् त्या बाजूचं पोट फुगून राहिलं. लोक हर्निया समजतात. बहुतेकांत महिन्यांनी सुधारते पण डॉक्टरला दाखवा अन् व्यायाम विचारा.

तालुक्याला फिरत बसण्यापेक्षा अशा पेशंटला मेडिसिन, डोळे, कान-नाक-घसा हे सगळे विभाग एकाच जागी असतील तिथं न्या: नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, मेयो किंवा एम्स, वर्ध्याजवळचं सेवाग्राम किंवा सावंगी, यवतमाळ किंवा अकोल्याचं मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते.

## ८. अंगभर पसरली तर

मूळ पट्ट्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला, हातापायावर असे २० पेक्षा जास्त फोड दिसले तर विषाणू रक्तातून पसरला असं डॉक्टर धरतात. दम लागणे, खोकला म्हणजे फुप्फुस, डोळे पिवळे अन् उलट्या म्हणजे लिव्हर. भरतीच लागते, अन् अशा पेशंटकडून हवेतूनही लागण होते, म्हणून दवाखान्याच्या दारातच सांगा, बाकड्यावर लेकरांमधे बसवू नका.

अशा वेळी किंवा नागीण परत परत होत असेल तर डॉक्टर शुगर, एचआयव्ही, रक्ताच्या तपासण्या लिहितात. त्यात अपमान वाटून घेऊ नका, रोगाशी लढायची ताकद कशानं कमी झाली हे शोधायचं असते.

## ९. फोड गेले, आग राहिली

पुरळ येऊन तीन महिने झाले अन् दुखणं तसंच, तर ते नसेचं मागं राहिलेलं दुखणं आहे. वय जितकं जास्त तितकं हे जास्त जणांत राहते. वाऱ्याची झुळूक लागली तरी माणूस कळवळते, झोपत नाई, जेवण तुटते, वजन उतरते, चिडचिड होते. घरच्यांना वाटते नाटक करून राहिले. नाई करत.

यावर गॅबापेन्टिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं असतात, बधिर करायचे पट्टेही मिळतात. साध्या दुखण्याच्या गोळीनं हे जात नाई. नेमकं काय पाहायचं:

- डोस कमीतून सुरू करून हळूहळू वाढवतात, आठ दिवसात फरक नाई म्हणून सोडू नका, अन् बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.
- झापड अन् चक्कर येते. संडास अंगणाच्या टोकाला असतो, रात्री उठताना पडून खुबा मोडला की नागिणीपेक्षा मोठं संकट. उशाशी बॅटरी, काठी, आणि सोबत कोणीतरी.
- प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्याचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन सुरू करायच्या आधी सांगा.
- गॅबापेन्टिन-प्रेगाबालिनचा डोसही किडनी पाहूनच.

मिरचीच्या अर्काचं मलम लिहून दिलं तर ते फक्त पुऱ्या भरलेल्या कातडीवर, लावल्यावर हात धुवायचे, डोळ्याजवळ अजिबात नाई.

## १०. लस

नागिणीची लस शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, ५० च्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मधे २ ते ६ महिने. सरकारी मोफत लसीकरणात नाई अन् महाग आहे, म्हणून घरात सगळ्यांना एकदम जमत नसेल तर आधी शुगरवाल्या अन् वयस्क माणसाचा विचार करा. हात दुखणे, एक-दोन दिवस अंग मोडून येणे होते. लेकरांची कांजण्यांची लस वेगळी, ती यासाठी चालत नाई. सुरू असलेली नागीण या लसीनं बरी होत नाई, पण एकदा होऊन गेलेल्यांनाही घेता येते, पुरळ पूर्ण गेल्यावर, किती थांबायचं ते डॉक्टर सांगतील.

पहिला डोस घेऊन दुसरा विसरणारे बरेच. ज्या दिवशी पहिला घेतला त्याच दिवशी कालनिर्णयवर दोन महिन्यांनंतरची तारीख लिहा, अन् दुसरा डोस नागपूरला किंवा जिल्ह्याच्या कोणत्या मेडिकलवर मिळेल तो फोन नंबर तिथंच बाजूला लिहून ठेवा.